६ इंची परावर्ती दुर्बिणीसाठी लाकडी नळी आणि डॉब्सन बैठक: प्लाय कुठला, मापं किती, पावसाळ्यात काय?

अजिंक्यतारा_रात्र (सातारा)

नमस्कार मंडळी. १५० मिमी व्यासाचा, २५ मिमी जाडीचा, ॲल्युमिनियमचा थर दिलेला पॅराबोलिक आरसा हाती आला आहे. देणाऱ्याने फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमा पडते तिथपर्यंतचं अंतर) १२०० मिमी सांगितली आहे. आयपीस (डोळ्याशी यायची भिंगं) सव्वा इंची, २५ आणि १० मिमीचे. फोकसर (आयपीस धरून आत-बाहेर सरकवणारा भाग) रॅक-पिनियनचा, पूर्ण आत घेतल्यावर त्याची उंची ६० मिमी भरते. सेकंडरी, म्हणजे प्रकाश बाजूला फोकसरकडे वळवणारा छोटा तिरपा आरसा, अजून घेतलेला नाही. बाकी सगळं घरच्या शेडमध्ये लाकडात करायचं आहे. हत्यारं: जिगसॉ, ड्रिल, हातकरवत, रंधा, पटाश्या, चार सी-क्लॅम्प. लेथ नाही.

अडलेले प्रश्न असे:
नळी सागाच्या फळ्यांची करावी की प्लायची? सागाच्या जुन्या फळ्या घरात पडून आहेत.
सेकंडरी किती मोठा आणि नळीत नेमका कुठे बसवायचा?
डॉब्सन बैठकीत नळी लाकडी पेटीत वर-खाली होते आणि पेटी खालच्या पाटावर गोल फिरते. तिथे घासायला टेफ्लॉनच हवं का? किचनच्या पांढऱ्या चॉपिंग बोर्डाचे तुकडे चालतील असं एक जण म्हणाला.
वापर गच्चीवर आणि अधूनमधून कासच्या बाजूला होईल. जून ते सप्टेंबर दुर्बीण घरातच राहील, आणि साताऱ्यात तेव्हा कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. त्याचं काय करायचं?

रंधा_पटाशी (मिरज)

लाकडाचं मी सांगतो, भिंगा-आरशाचं बाकीचे सांगतील.

नळीला सागाची अखंड फळी नको. साग कितीही मुरलेला असला तरी रुंदीत हलतोच. २०० मिमी रुंदीची, उभ्या कापाची नसलेली फळी मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये मोजली तर दोन मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो. लांबीत जवळजवळ काहीच पडत नाही, सगळी हालचाल रुंदीत. तुमची नळी बैठकीच्या पेटीत बसणार दोन-दोन मिलिमीटर फट ठेवून. ती फट पावसाळ्यात लाकूडच खाऊन टाकणार आणि नळी घासायला लागणार. शिवाय फळी वाकली तर चौकोनाचा पतंग होतो, आणि आरसा व फोकसर एका रेषेत राहत नाहीत.

प्लायचे थर एकमेकांना आडवे असतात म्हणून तो रुंदीत हलत नाही. घेताना आयएस ७१० चा शिक्का बघून मरीन प्लाय घ्या. आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) चालेल, त्याच आयएस मधला एमआर (फक्त ओलसरपणाला टिकणारा) मात्र नको. नळीला ६ मिमी, बैठकीला १८ मिमी. नळीही १२ मिमीची करायचा मोह होतो, पण मग नुसत्या नळीचं वजन दुप्पट होतं आणि कडकपणा लागतो तिथे मिळत नाही. ६ मिमीच्या आतून चारही कोपऱ्यांत सागाची २०×२० मिमीची पट्टी चिकटवली की पेटी हातोडा मारला तरी हलणार नाही. घरातला साग इथे वापरा. एवढ्या बारीक पट्टीत फुगणं-आटणं नगण्य असतं.

कटाई: आतलं माप १९० मिमी धरा, म्हणजे आरशाभोवती २० मिमी हवा राहते. ८×४ च्या शीटवरून लांबीच्या दिशेने एक पट्टा २०२ मिमीचा आणि एक १९० मिमीचा काढा, मग दोन्ही मधोमध कापा. करवतीचा काप जाऊन प्रत्येकी १२१८ मिमीचे चार तुकडे मिळतील. वरच्या थराची रेषा नळीच्या लांबीत येते, तेच हवं. जिगसॉने सरळ रेष येत नाही. ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप क्लॅम्पने बांधून त्याला टेकवून चालवा, एक मिमी जास्त ठेवा, आणि दोन्ही जोड्या एकत्र बांधून रंध्याने एकदम मापात आणा. जोड्या एकत्र रंधल्या तर माप चुकलं तरी दोन्हीकडे सारखंच चुकतं आणि पेटी काटकोनातच राहते.

चिकटवायला पाण्याला टिकणारा मरीन प्रतीचा फेव्हिकॉल. चार क्लॅम्प १२१८ मिमीला पुरणार नाहीत, तेव्हा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळा, दाब सगळीकडे सारखा बसतो. चिकटवल्या-चिकटवल्या दोन्ही तोंडांचे कर्ण मोजा. दोन कर्णांत एक मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर लांब कर्णावर क्लॅम्प लावून ओढून घ्या. वाळल्यावर काही करता येत नाही.

नेत्रिका (सांगली)

आधी फोकल लेंथ स्वतः मोजा. सांगितलेल्या आकड्यात १५-२० मिमीचा फरक अगदी नेहमीचा, आणि तुमच्या फोकसरचा प्रवास फार तर ३०-४० मिमी असेल. फोकसरचं भोक पाडून झालं आणि फोकस फोकसरच्या आतच राहिला तर नवीन नळी करावी लागते.

सूर्यावर मोजू नका. डोळ्याला धोका आहेच, पण दीड शे मिमीचा आरसा लाकडाला क्षणात पेटवतो. अंधाऱ्या खोलीत आरसा भिंतीशी उभा करा. काळ्या कागदाला सुईने भोक पाडून मागे टॉर्च धरा, आणि हे भोक आरशापासून साधारण २.४ मीटरवर ठेवा. भोकाशेजारीच पांढरा कागद धरला की आरसा भोकाची प्रतिमा त्यावर पाडतो. दोन्ही मिळून पुढेमागे सरकवत प्रतिमा सुईच्या टोकाएवढी रेखीव करा. आता आरशाच्या मध्यापासून भोकापर्यंतचं अंतर ही वक्रतेची त्रिज्या, आणि तिची निम्मी फोकल लेंथ.

आकडा इथे टाका, पुढचं गणित मग करू.

अजिंक्यतारा_रात्र (सातारा)

मोजलं. अंतर २३७० मिमी आलं, म्हणजे फोकल लेंथ ११८५.

नेत्रिका (सांगली)

छान. आता नळीच्या मध्यरेषेपासून फोकसपर्यंतचं अंतर काढू. नळीच्या आतल्या रुंदीची निम्मी ९५, प्लाय ६, फोकसर ६०, आणि आयपीस थोडा बाहेर काढून फोकस यावा म्हणून १४ मिमी शिल्लक. एकूण १७५. प्रायमरीच्या (मुख्य आरशाच्या) तोंडापासून सेकंडरीच्या मध्यापर्यंत ११८५ वजा १७५ म्हणजे १०१० मिमी. नळीच्या मागच्या टोकापासून प्रायमरीचं तोंड ८० मिमी आत धरलं (खाली आरशाची बैठक आणि स्क्रू मावायला हवेत), तर फोकसरच्या भोकाचं केंद्र मागून १०९० मिमीवर येतं. पुढे १२८ मिमी उरतात. ते थोडं कमी आहे, रस्त्यावरचा दिवा आत डोकावेल. काळ्या फोम शीटची १०० मिमीची कॉलर वेलक्रोने लावा, तीच दव अडवायलाही कामी येते.

सेकंडरीचा आखूड व्यास: आरसा १५०, अंतर १७५, फोकल लेंथ ११८५. दृश्याच्या मधला १० मिमीचा भाग पूर्ण उजेडात हवा असेल तर १७५×१४०÷११८५ अधिक १०, म्हणजे ३०.७. ३२ किंवा ३५ मिमीचा जो मिळेल तो घ्या. ५० मिमीचा स्वस्तात मिळाला तरी नको. ३२ चा आरसा व्यासाच्या २१ टक्के झाकतो, ५० चा ३३ टक्के, आणि गुरूच्या पट्ट्यांचा कॉन्ट्रास्ट तिथेच मरतो.

सेकंडरी धरायला हॅक्सॉ ब्लेड उत्तम. साधारण १२ मिमी रुंद, अर्धा-पाऊण मिमी जाड, तारा बघताना कडेने फक्त रेषच दिसते. वाकणाऱ्या जातीची घ्या, संपूर्ण कडक ब्लेड ताण देताना तुकडे होऊन उडते. दात ग्राइंडरवर घासून टाका. चार पाती नळीच्या चार भिंतींच्या मधोमध येऊ द्या आणि बाहेरून स्क्रूने ताणा. ६ मिमीचा प्लाय ताणाने आत-बाहेर होतो, म्हणून तिथे आतून १८ मिमी प्लायचा ४०×४० चा ठोकळा चिकटवा. समोरासमोरची पाती एका रेषेत हवीत, नाहीतर ताऱ्याला चारऐवजी आठ किरण दिसतील.

प्रायमरीची बैठक: १८ मिमी प्लायची १७० मिमीची चकती आणि तिच्यामागे नळीत पक्का बसवलेला चौकोन. दोन्हीमध्ये एम६ चे तीन बोल्ट १२० अंशांवर, प्रत्येकावर कडक स्प्रिंग आणि मागून विंग नट. स्प्रिंग मऊ असली तर दुर्बीण वर-खाली करताना आरसा डोलतो आणि आरशांची जुळवणी दर दहा मिनिटांनी बिघडते. चौकोनाला मधोमध ८० मिमीचं भोक ठेवा आणि चकतीलाही मध्ये मोकळं करा, मागून हवा खेळायला हवी. २५ मिमी जाडीच्या आरशाला तीन टेकू पुरतात, केंद्रापासून ३० मिमी त्रिज्येवर. तिथे न्यूट्रल क्युअर सिलिकॉनचे अंगठ्याच्या नखाएवढे तीन गोळे द्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातलं आम्ल थराला चांगलं नाही. गोळ्यांशेजारी ३ मिमीचे तुकडे ठेवून त्यावर आरसा टेकवा, दोन दिवस हलवू नका, मग तुकडे ओढून काढा. आता आरसा फक्त सिलिकॉनवर आहे. शिवाय कडेला तीन क्लिप लावा, पण क्लिप आणि आरसा यांत पोस्टकार्ड सरकलं पाहिजे. क्लिप आवळल्या की तारे तिकोनी दिसतात, आणि माणूस विनाकारण आरशाला दोष देत बसतो.

आतून फळ्याला लावतात तो मॅट काळा रंग. फोकसरच्या बरोबर समोरच्या भागात त्या रंगात लाकडाचा भुसा मिसळून जाडसर लावा. नुसता काळा रंग तिरप्या उजेडात चकाकतो, भुश्याचा खडबडीतपणा ती चकाकी मोडतो.

वैराटगड (वाई)

बैठकीचं मी लिहितो, कारण घरी केलेली दुर्बीण वाया जाते ती बहुतेक वेळा इथेच. आरसा चांगला असतो, पण १२० पटीला गुरू पकडायला गेलं की नळी आधी अडते, मग झटक्याने पुढे जाते, आणि गुरू दृश्याबाहेर.

चॉपिंग बोर्डाबद्दल: तो एचडीपीई नावाच्या प्लास्टिकचा असतो. त्याला हलवायला सुरुवातीला लागणारं बळ आणि हलत ठेवायला लागणारं बळ यांत मोठा फरक आहे, म्हणूनच झटका बसतो. टेफ्लॉनमध्ये ही दोन्ही बळं जवळजवळ सारखी. जॉन डॉब्सन १९६० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथांवर लोकांना आकाश दाखवायचा. त्याची साध्या लाकडी पेटीची बैठक आज जगभर बनते आणि टेफ्लॉन तिचा प्राण आहे. नायलॉनही नको. टेफ्लॉनची ३ ते ५ मिमी जाडीची पट्टी लागते, हातभरसुद्धा लागत नाही.

टेफ्लॉन ज्यावर घासणार तो सनमायका गुळगुळीत चकचकीत नको, बारीक दाणेदार हवा. गुळगुळीतवर पूर्ण पृष्ठभाग चिकटतो, दाणेदारवर फक्त उंचवटे टेकतात. तेल, ग्रीस, मेण काही लावू नका, धूळ बसून दोन आठवड्यांत लापशी होते.

तुकड्यांचा आकार मनाने ठरवू नका. टेफ्लॉनवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो भार असला की चाल सगळ्यात मऊ येते. तुमची नळी सगळं धरून ८ किलोच्या आसपास जाईल, बैठकीची पेटी साडेपाच. तळाला तीन तुकडे, प्रत्येकावर साडेचार किलो, म्हणजे २०×२२ मिमीचे. मोठे तुकडे लावले तर पेटी हलकी वाटण्याऐवजी चिकट वाटते. हे ऐकायला उलटं आहे पण तसंच आहे. तुकडा स्क्रूने बसवताना डोकं एक मिमी आत बुडवा, नाहीतर सनमायका ओरखडला जातो.

तळाचे तीन टेफ्लॉन खालच्या पाटाच्या तीन पायांच्या बरोबर डोक्यावर यायला हवेत. पाय कडेला आणि टेफ्लॉन मध्याकडे असं केलं की पाट दर स्पर्शाला लवतो आणि प्रतिमा दोन-तीन सेकंद थरथरते. मधला १२ मिमीचा बोल्ट फक्त जागेवर धरण्यासाठी आहे. नायलॉक नट (आपोआप सैल न होणारा) लावा आणि हाताने हलेल इतकाच कसा.

नळीच्या दोन बाजूंना लावायच्या, वर-खाली करायच्या चकत्या २०० मिमी व्यासाच्या घ्या, १२ मिमीचे दोन थर चिकटवून २४ मिमी जाड. पेटीच्या बाजू १८ च्या आणि नळीची फट २, त्यामुळे चकती चारेक मिमी बाहेर डोकावते आणि कधी घसरत नाही. व्यास का मोठा? घर्षणाचा जोर त्रिज्येवर अवलंबून असतो. १०० मिमीच्या छोट्या चकतीवर २५ चा जड आयपीस काढून १० चा हलका लावला की नळीचं नाक वर उचलतं, २०० वर ते जागेवर राहतं. चकती कापायला जिगसॉ एका खिळ्याभोवती फिरवा, मग खिळ्यावरच ठेवून कानशीने गोल करा. कडेला ०.८ मिमीचा सनमायका, हेअर ड्रायरने कोमट करून वळवा, गार वळवला तर तडकतो. पट्टीचा जोड चकतीच्या वरच्या अंगाला येऊ द्या. नळी आडव्यापासून उभी होईपर्यंत टेफ्लॉन खालच्या जेमतेम १६० अंशांतच फिरतं, जोड तिथे आला तर प्रत्येक वेळी खट्ट लागेल. प्रत्येक बाजूला दोन टेफ्लॉन, उभ्या रेषेपासून ३५ अंश इकडे, ३५ तिकडे. प्रत्येकाचा आकार १२×२०.

चकत्या सगळ्यात शेवटी बसवा. आरसा, सेकंडरी, फोकसर, फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) आणि २५ चा आयपीस लावून नळी एका गोल काठीवर आडवी तोला, तिथे खूण करा, चकतीचं केंद्र तिथेच. कागदावरून हा बिंदू काढू नका. समजा तो मागून ४८० वर आला. नळीचा मागचा कोपरा मध्यरेषेपासून १०१ मिमी बाहेर आहे, तेव्हा कोपऱ्याची फिरकी ४९१ होते. पेटीच्या तळापासून चकतीच्या केंद्राची उंची ५०० ठेवली की झालं. पुढची फळी ३८० उंच घ्या, ४०० च्या वर गेली तर नळी आडवी होणार नाही.

आपल्याकडची एक गोष्ट परदेशी आराखड्यांत नसते. सातारा १७.७ अंश उत्तरेवर. त्यामुळे वृषभ-मिथुन-कर्क या पट्ट्यात ग्रह असले की ते थेट डोक्यावरून जातात, आणि डॉब्सनला नेमकी डोक्यावरची जागाच अवघड, कारण तिथे ग्रह पकडत राहायला पेटी भराभर फिरवावी लागते. तेव्हा नळी पूर्ण ९० अंशांपर्यंत गेलीच पाहिजे आणि तळाची चाल वर-खालीच्या चालीपेक्षा जड राहता कामा नये. नळी झुकलेली असताना तिच्या पुढच्या टोकाला धरून पेटी फिरवा, लांब हात मिळतो; नळी उभी असताना मात्र तो मिळत नाही. दक्षिणेला मात्र आपली चैन आहे. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ कासवरून क्षितिजाच्या २५ अंश वर येतो.

प्लंबर_बाळ (कराड)

एवढी सुतारकी कशाला? २०० मिमीचा पीव्हीसी पाइप आणा, कापा, झालं. पाऊस लागो की दव, फरक पडत नाही.

रंधा_पटाशी (मिरज)

बाळभाऊ, पीव्हीसी वाईट नाही, पण जाड भिंतीचा घेतला तर प्लायच्या पेटीपेक्षा जड होतो आणि पातळ घेतला तर उन्हाने तापून बाकदार होतो. गोल पृष्ठभागावर फोकसर आणि चकत्या बसवायला वेगळे सांधे करावे लागतात ते निराळंच. पावसाचा मुद्दा खरा आहे, म्हणून रंगाबद्दल लिहितो.

मिरजेत तंबोऱ्यावर लाखेचं पॉलिश करतात, ते डोळे निववतं. पण तंबोरा घरात राहतो. दुर्बिणीवर रात्रभर दव पडतं, आणि लाख पाण्याने पांढरट पडते. इथे बाहेरच्या कामाचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश लावा. पहिला हात पातळ करून, म्हणजे लाकडात मुरेल, मग २२० च्या पॉलिश पेपरने हलकं घासून आणखी दोन हात. प्लाय फुगतो तो त्याच्या कापलेल्या कडांतून, सपाट पृष्ठभागातून नाही. म्हणून कडांना आधी फेव्हिकॉल आणि लाकडाचा बारीक भुसा मळून भरा, घासा, आणि तिथे पीयूचे चार हात द्या. फोकसरच्या भोकाची आणि स्क्रूच्या भोकांची आतली कडही विसरायची नाही. स्क्रू स्टेनलेसचे घ्या, साधे लोखंडी सागात काळे डाग सोडतात.

अजिंक्यतारा_रात्र (सातारा)

सगळ्यांचे आभार, मापं वहीत उतरवून घेतली. दोन गोष्टी राहिल्या: लेझर नसताना आरशांची जुळवणी कशी करायची, आणि पावसाळ्यात आरसा काढून ठेवायचा का?

नेत्रिका (सांगली)

लेझर नकोच, स्वस्तातलं लेझर स्वतःच तिरकं असतं. फोकसरमध्ये घट्ट बसणारं प्लास्टिकचं झाकण घ्या आणि बरोबर मधोमध २ मिमीचं भोक पाडा. प्रायमरीच्या केंद्रावर ६ मिमीचा कागदी ठिपका चिकटवा. सेकंडरीची सावली तिथेच पडते, ठिपक्याने प्रकाश कमी होत नाही. दिवसा, नळी उजळ भिंतीकडे धरून बघा. पहिल्यांदा सेकंडरी पुढेमागे करून तो भोकातून गोल आणि मधोमध दिसेल असा ठेवा. मग त्याचे तीन स्क्रू फिरवून प्रायमरीचा ठिपका मधोमध आणा. शेवटी मागचे विंग नट फिरवून सेकंडरीचं प्रतिबिंब ठिपक्यावर आणा. हा क्रम उलटा केला तर तासभर खेळत बसाल. या कामात दुर्बीण आडवी ठेवा, म्हणजे हातातून पाना सुटला तरी आरशावर पडणार नाही. रात्री एखाद्या ताऱ्यावर, आयपीस किंचित फोकसबाहेर काढून कडी एककेंद्री दिसते का ते तपासा. एफ/८ च्या (फोकल लेंथ व्यासाच्या आठपट असलेल्या) आरशाला थोडा फरक खपतो, एफ/५ ला खपला नसता.

प्रायमरी दरवर्षी काढायची गरज नाही, पण नळी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नका, बुरशीला तेच हवं असतं. बघून झाल्यावर नळी ओली असताना झाकण लावायचं नाही. घरात आडवी ठेवून, तोंड कापडाने झाकून रात्रभर वाळू द्या, मग झाकण. आयपीस आणि सेकंडरी हवाबंद डब्यात २०० ग्रॅम रंग बदलणाऱ्या सिलिका जेलसोबत. दाणे रंग बदलले की मंद आचेवर भाजून परत वापरा. जुलैमध्ये पंधरवड्यातून एकदा कोरड्या दिवशी नळी उघडून पंख्याखाली तासभर ठेवा.

आरशावर धूळ दिसली म्हणून पुसू नका. धुळीचा पातळ थर प्रतिमेला काही करत नाही, पुसल्याचे ओरखडे मात्र कायमचे. फारच चिकट झाला तर बैठकीतून काढा, सिलिकॉन पातळ ब्लेडने किंवा मासे धरायच्या दोऱ्याने कापा, साध्या पाण्याखाली धूळ वाहून जाऊ द्या. मग एक थेंब भांडी घासायच्या लिक्विडचं कोमट पाणी, स्वतःच्या वजनानेच सरकणारा ओला कापूस, आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुऊन तिरका उभा करून वाळवा. उरलेला एखादा थेंब टिपकागदाच्या टोकाने शोषून घ्या.

वैराटगड (वाई)

एक भर. नळीचं झाकण ६ मिमी प्लायचंच करा आणि दिवसा गच्चीवर नळी कधीही उघडी ठेवू नका, दहा मिनिटांसाठीही नाही. सूर्य सरकत येऊन आरशासमोर आला तर फोकस नळीच्या भिंतीवर किंवा कुणाच्या सदऱ्यावर पडू शकतो. घरात मुलं असतील तर झाकणाला छोटी कडी लावून घ्या.

आणि काससाठी: हिवाळ्यात तिथे संध्याकाळनंतर तापमान भराभर उतरतं. आरसा गार व्हायला पाऊण तास तरी लागतो, तोवर तारे उकळल्यासारखे दिसतात. पोचल्यावर आधी नळी उघडून उभी करा, चहा-डबा मग.